पेटीचा आवाज स्वच्छ यावा म्हणून

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ नाही. ज्याच्या शेजारी बसून उभा जन्म वाजवलं त्या तबलजीजवळ नाही. आणि देवीजवळ तर मुळीच नाही, कारण तिच्यासमोर उभं राहायचीच मला भीती वाटते. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. तेही तसं नाही. लिहायला बसलो की पहिल्यांदा पेटीचीच गोष्ट सुचते, कारण ती सांगायला मला लाज वाटत नाही. मग तिथूनच सुरुवात करतो. चालेल ना?

मी महाडचा. दिवसा बाजारपेठेत भांड्यांच्या दुकानात काम करायचो आणि जत्रा, सप्ताह, गावातली नाटकं असली की पेटी वाजवायला जायचो. साठ सालाच्या आगेमागेची गोष्ट. तेव्हा आमच्या जिल्ह्याला कुलाबा म्हणायचे. पोलादपूरपासून कशेडीच्या पायथ्यापर्यंत लोक मला पेटीमास्तर म्हणून ओळखत.

माझी पायपेटी होती. हातपेटी हलकी असते, काखेत मारून कुठेही नेता येते, पण एक हात भात्यात अडकतो. पायपेटीला भाता पायांनी चालतो, दोन्ही हात सुरांवर मोकळे. आवाजही भरदार. पण धूड असं, की एस.टी.च्या टपावर चढवताना कंडक्टर तोंड फिरवायचा. एवढं करून ती जत्रेत ऐकू कुणाला जायची? पुढच्या चार माणसांना. मागे पाळणे, भोंगे, पोरांच्या पिपाण्या. मी बोटं झिजवायचो आणि लोक तबल्यावर माना डोलवायचे.

म्हणून मी मुंबईच्या मेहुण्याकडून एक जुना ॲम्प्लिफायर आणवला. पत्र्याचा डबा, आत काचेचे व्हॉल्व्ह, तापले की तांबूस दिसायचे. बरोबर एक कर्णा, आणि लोखंडी दांडीवरचा एक माईक. कुण्या कारागिराने सुटे भाग जमवून जोडलेलं काम होतं ते. मोटारीच्या बॅटरीवरही चाले आणि विजेवरही.

बॅटरीचा फार जाच होता. महाडच्या गॅरेजमध्ये आदल्या दिवशी चार्ज करून घ्यायची, मग वाडीपर्यंत गड्याच्या डोक्यावर. एकदा उमरठकडे जाताना वाटेत ती कलली, ॲसिड सांडलं आणि माझ्या धोतराची चाळण झाली. आणि ऐन रंगात आलं की बॅटरी उतरायची, कर्णा गेंगाणा व्हायचा. त्यामुळे गावात वीज आली आहे असं कळलं, की मी बॅटरी घरीच ठेवायचो.

पण विजेवर त्या डब्याची एक खोड होती. पिन एका बाजूने खुपसली की कर्ण्यातून सारखी घरघर यायची. तीच पिन उलटी करून घातली की घरघर बंद, आणि पेटीचा सूर कसा काचेसारखा स्वच्छ! मात्र तशी घातली की डब्याचा पत्रा चावायचा, हात लागला की विजेचा झटका. माईकची दांडीसुद्धा.

हे मला माहीत होतं.

हे वाक्य मी वेगळं लिहिलंय, कारण पुढे मी कितीही फिरवून बोललो तरी तुम्ही ते विसरू नये. घरी न्हाणीघराजवळ ओल्या पायांनी उभा असताना मला तो झटका बसला होता. कोपरापर्यंत हात बधिर झाला होता. दुसऱ्या दिवशी मी पिन उलटसुलट करून पुन्हा पाहिलं — बोटाच्या मागच्या बाजूने, भीत भीत. मग ठरवलं. काय ठरवलं? पिन सुलटी ठेवून घरघर सोसायची, असं? नाही. पिन उलटीच ठेवायची आणि सगळ्यांना बजावायचं, "माईकला हात लावायचा नाय, नाजूक यंत्र हाय, बिघडतं." मी स्वतः लाकडी स्टुलावर बसायचो, पाय भात्याच्या लाकडी पायट्यांवर, पायांत रबरी चपला. मला काय होणार होतं?

आता शेवंतीबद्दल सांगायला हवं.

पोलादपूरच्या अलीकडे, मोठ्या रस्त्याला लागून एक गाव आहे. नाव लिहीत नाही. तिथे गंगारामदादांचं भजनी मंडळ होतं. खाऊनपिऊन सुखी शेतकरी माणूस, दोन मुलगे मुंबईला कामाला, घरात धाकटी मुलगी शेवंती. मी चैत्रातल्या जत्रेआधी तालमीला जायचो. पुरुष मंडळी ओटीवर गात, आणि त्यांचा सूर सुटला की आतून दाराआडून एक आवाज तो उचलून जागेवर ठेवायचा. पहिल्यांदा मी वाजवायचाच थांबलो.

"पोरगी हाय आमची," गंगारामदादा ओशाळून म्हणाले. "गप बसवत नाय तिला. गो शेवंते, गप!"

मी म्हटलं, गप नको, बाहेर येऊन गाऊ द्या. ती आली. बारीक अंगाची, कपाळावर मोठं कुंकू, नजर जमिनीवर. पण तोंड उघडलं की ती ओटी तिला पुरायची नाही. काळी चारमध्ये, म्हणजे चांगल्या उंच पट्टीत गायची. पुरुषांच्या ढाल्या आवाजाखाली माझी पेटी नेहमी गुदमरायची, आणि या पोरीच्या आवाजाबरोबर ती उडायला लागली. मला तिच्या गाण्याचं कौतुक होतं, हे खरं. पण त्याहून जास्त कौतुक तिच्या गाण्यात माझ्या पेटीचं होत होतं. हेही खरंच ना?

जत्रेत देवीसमोर बाईमाणसाने माईकवर गायचं, हे त्या गावात कधी झालं नव्हतं. गुरवाने नको म्हटलं. पाटील घुटमळले. तेव्हा त्यांची समजूत कुणी घातली? मी. देवी बाईच आहे, तिला बाईच्या गळ्याचं वावडं कसं असेल — असं काहीतरी छान बोललो. पाटलांना पटलं. शेवंतीचं त्याच वैशाखात लग्न ठरलं होतं. ती मला म्हणाली, "मास्तर, एकदाच गायचं. मंग सासरी कोण गाऊ देतंय?"

जत्रेचा दिवस. ऊन उतरणीला लागलेलं. देवळासमोरचं अंगण बायकांनी सकाळी शेणाने सारवलेलं, आणि धूळ उडू नये म्हणून नुकताच पाण्याचा सडा घातलेला. देवळात नवी वीज आली होती. सभामंडपाच्या खांबावर एक प्लग होता, त्यातून मी वायर ओढून घेतली. आधी पिन सुलटी घातली. घरघर आली. समोर एवढा समुदाय बसलेला, मुंबईकर चाकरमानी खास जत्रेला आलेले, पांढरे कपडे घालून पुढे बसलेले. त्यांच्यापुढे घरघर?

मी पिन उलटी केली.

शेवंती अनवाणी आली. देवीच्या अंगणात माझ्याखेरीज चपला कोण घालतं? त्या ओल्या जमिनीवर, माईकपासून वितभर अंतरावर ती उभी राहिली. मी तिला पुन्हा बजावलं, "हात लावू नको हां." तिने मान हलवली. आणि तिने जे गायला सुरुवात केली — वडिलांनीच रचलेलं देवीचं पद होतं ते — त्याचं वर्णन मी करणार नाही. मला तो अधिकार राहिलेला नाही. एवढंच सांगतो की पाळणेवाल्यांनी पाळणे थांबवले होते.

दुसऱ्या कडव्यात माईकचा स्क्रू ढिला होऊन तो खाली घसरायला लागला. गाता गाता, डोळे मिटलेले असताना, तिने तो सावरायला उजव्या हाताने दांडी धरली.

सूर तुटला. ती थरथरायला लागली. मान मागे गेली, अंबाडा सुटला, केस पाठीवर आले, दात एकमेकांवर बसले. हात मात्र दांडीला चिकटलेलाच.

आणि कुणीतरी ओरडलं, "आली! अंगात आली! आईनं घेतलं पोरीला!"

सगळं अंगण हात जोडून उभं राहिलं. ढोल वाजायला लागला. बायकांनी हळद-कुंकू उधळलं. गंगारामदादांनी तर लोटांगण घातलं — पोटच्या पोरीसमोर! तिथे एकालाच माहीत होतं की ही देवी नव्हे. तो एक माणूस स्टुलावर बसला होता, आणि त्याचे पाय अजून भाता हलवत होते.

मी लगेच का नाही उठलो? मी हा प्रश्न स्वतःला इतक्या वेळा विचारलाय की तो आता झिजून गुळगुळीत झालाय. भ्यालो होतो, हे तर आहेच. पण तिला काही होईल म्हणून भ्यालो होतो, की मला काही होईल म्हणून? मी उठून वायर ओढली तर लोकांना कळणार होतं. शेवटी मी ती ओढली. पण कशी? पायाने. स्टुलावर बसल्या बसल्या वायर पायात अडकवून हळूच खेचली — कुणाला दिसू नये म्हणून. तेवढा वेळ ती जळत होती.

ती खाली कोसळली. ढोल थांबला. तळहात उघडून पाहिला तेव्हा बायका किंचाळल्या. मधल्या दोन बोटांखाली कातडं काळं पडलं होतं. तोंडातून रक्त येत होतं, जीभ चावली गेली होती. श्वास चालू होता.

देवी अंगात आली तर माणसाचा हात भाजत नाही, हे लोकांनाही कळत होतं. म्हणजे देवी आली ती कोपून आली. आणि कोपली कशाने? गुरव मोठ्याने म्हणाला, "मी सांगत व्हतो. पोरगी विटाळशी असंल. तशीच उभी ऱ्हायली आईसमोर."

शेवंतीला शुद्ध येत होती. तिने तसल्या अवस्थेतही मान हलवली. "नाय," म्हणाली. "नाय वो. शपथ." जीभ सुजली होती, शब्द नीट फुटत नव्हते. तिची आई मध्ये पडली, तिने चारचौघांत सांगू नये ते सांगितलं, की चार दिवस सरून पोर कालच न्हालेय. कोण ऐकतंय?

इथवर तुम्ही म्हणाल, माणूस गप्प राहिला, भित्रा होता. गप्प राहणारे पुष्कळ असतात. मीही कित्येक वर्षं स्वतःशी एवढंच म्हणत आलो — मी गप्प राहिलो. ते खोटं आहे. मी गप्प राहिलो नाही.

पाटील शहाणा माणूस होता. मुंबई पाहिलेला. तो माझ्याजवळ आला, माझ्या डोळ्यांत बघून म्हणाला, "मास्तर, विजेचा धक्का तर नाय ना बसला पोरीला? तुमच्या यंत्रात काय खोट हाय का? असंल तर आत्ता सांगा. चुकी व्हते मानसाकडनं."

असं विचारलं होतं त्याने. इतक्या चांगल्या शब्दांत. बाहेर पडायचं दार त्याने माझ्यासाठी पूर्ण उघडून धरलं होतं. आणि मी त्याच्या खांद्यावरून मागे पाहिलं, तर तिथे ते चाकरमानी उभे होते, मुठी वळून. रस्त्यावर अपघात झाल्यावर एका ट्रक ड्रायव्हरला लोकांनी कसं मारलं होतं ते मी पाहिलं होतं. पोलीस दिसले, बेड्या दिसल्या, दुकानाचे मालक दिसले.

मी म्हणालो, "छे, छे. थांबा, दाखवतोच तुम्हाला."

मी खांबाजवळ गेलो. पाठ लोकांकडे केली. पिन घातली — सुलटी. कर्ण्यातून घरघर सुरू झाली. त्या गोंधळात ती कुणाच्या लक्षात येणार? मग चपला काढल्या. हो, मुद्दाम काढल्या, सगळ्यांना दिसतील अशा. त्या ओल्या सारवणावर अनवाणी उभा राहिलो आणि सगळ्यांसमोर दोन्ही हातांनी माईकची दांडी धरली.

"बघा," मी म्हणालो. माझा आवाज कर्ण्यातून साऱ्या गावावर गेला. "काही होतंय का मला?"

पाटलाने मान खाली घातली. गुरवाने देवीकडे बघून हात जोडले. आणि शेवंती — तिला आईने मांडीवर घेतलं होतं — ती माझ्याकडे बघत होती. तिच्या नजरेत संशय असता तर मी आज कदाचित हे लिहीत बसलो नसतो. तिच्या नजरेत संशय नव्हता. तिचा माझ्यावर विश्वास बसला होता. त्या क्षणी, माझ्या हातांकडे बघता बघता, तिला पटलं की दोष तिचाच.

मग देवीला कौल लावला. गुरवाने मूर्तीला ओल्या कळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर पोर निर्दोष, डावी पडली तर तिच्याकडून चूक झाली. सगळे हात जोडून बसले. मीही हात जोडले होते. मी काय मागत होतो, सांगू? डावी पडू दे. आई, डावी पडू दे.

डावी पडली.

त्यानंतर मी वाट बघत राहिलो. कुणीतरी येईल, वायरमन तपासायला येईल, पोलीस दार ठोठावतील. दुकानात कुणी पोलादपूरकडचं गिऱ्हाईक आलं की माझ्या हातातलं भांडं सुटायचं. आणि एक दिवस खरंच गंगारामदादा घरी आले. त्यांना दारात पाहिलं. मी मनात म्हटलं, आलं. आता आलं.

त्यांनी खांद्यावरचं पोतं खाली ठेवलं. घरचे तांदूळ होते. ओटीच्या कडेला बसले आणि म्हणाले, "मास्तर, माफ करा. आमच्या पोरीपायी तुमचा कार्यक्रम नासला. तुमच्या यंत्रावर आळ आला."

लग्न मोडल्याचं त्यांनीच सांगितलं. ज्या पोरीला देवीने झटकलं तिला सून म्हणून कोण करून घेणार? उजव्या हाताची दोन बोटं आत वळली ती वळलीच. देवळाची पायरी तिला बंद झाली. भजनी मंडळ त्यांनी स्वतःच मोडलं. हे सगळं ते अपराध्यासारखे सांगत होते — मला! माझ्या बायकोने त्यांना चहा दिला. मी "असू द्या, असू द्या" म्हणालो. ते तांदूळ आम्ही खाल्ले. बायको म्हणायची, भात किती सुवासिक लागतो.

डबा मी पुढे बदलला. चांगला आणला, जमिनीत सळई ठोकून अर्थिंग करायला शिकलो. गावोगावच्या मंडळींना सांगायचो की माईक लावण्याआधी पत्र्याला टेस्टर लावून पाहा, ओल्यात उभे राहू नका, वायर उघडी ठेवू नका. लोक म्हणत, पेटीमास्तर किती जपतात! त्यांना कुठे माहीत होतं की मी जपत नव्हतो, भीत होतो. घरातला दिवासुद्धा मी अजून नातवाला लावायला सांगतो, आणि तो लावेपर्यंत त्याच्या पायांकडे बघत राहतो.

शेवंतीला मी नंतर एकदाच पाहिलं. बरीच वर्षं उलटली होती. पोलादपूरच्या स्टँडवर मी महाडच्या गाडीची वाट बघत होतो. ती भावाकडे मुंबईला राहत होती, त्याची मुलं सांभाळायची, त्या दिवशी गावाहून परत निघाली होती. मी तिला ओळखलं नसतं. तिनेच ओळखलं. जवळ येऊन वाकून नमस्कार केला; पदर उजव्या हातावरून गुंडाळून घेतलेला होता.

मी विचारलं, गातेस का? ती हसली. म्हणाली, गुणगुणतसुद्धा नाही. दर मंगळवारी उपास धरते, देवीचा कोप उतरावा म्हणून. मीठसुद्धा खात नाही त्या दिवशी. मग आजूबाजूला कुणी ऐकत नाही ना, हे पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाली,

"मास्तर, एक इचारू? तुमी व्हता तिथं, म्हनून इचारते. मी त्या दिशी विटाळशी नव्हते. खरंच नव्हते. मंग आई का कोपली वो माझ्यावर?"

स्टँडवर आम्ही दोघंच होतो म्हटलं तरी चालेल. मुठी वळून कुणी उभं नव्हतं. गुरव नव्हता, पाटील वारला होता, तो डबा कधीच मोडीत गेला होता. मला कुणीही काहीही केलं नसतं. ती सुद्धा नसती ओरडली, असं वाटतं. एक वाक्य बोलायचं होतं. ते तोंडात आलंही होतं.

मी म्हणालो, "देवीचं मन माणसाला काय कळणार, शेवंते. उपास सोडू नकोस."

तिने मान हलवली. तिची गाडी लागली. डाव्या हाताने दांडा धरून ती चढली, खिडकीशी बसली, आणि गाडी सुटेपर्यंत माझ्याकडे बघून, मोठ्या माणसाकडे बघावं तशी, आदराने हसत राहिली.